आजचा रेट

लखीशेठचा फोन आला गोलाणी मार्केटातून,
मी शटरच्या पट्टीत तेल सोडत होतो तेव्हा.
"हार्ड डिस्क, पाचशे जीबी, बत्तीसशे."
काल एकोणीसशे होती.
मी म्हटलं, शेठ, झोपेत आहात का?
"थायलंडात कारखान्यांमध्ये पाणी शिरलंय.
आणि हा सकाळचा रेट. दुपारचा दुपारी विचार."

सावद्यात त्या दिवशी लख्ख ऊन.
समोर ट्रकमध्ये केळीचे घड रचत होते, मध्ये पानांचे थर.
सुकी नदी नावाला जागून कोरडी.

काउंटरखालच्या कपाटात माझ्याकडे नऊ डिस्क होत्या,
दिवाळीआधी जुन्या भावानं आणलेल्या,
चंदेरी पिशव्यांत निजलेल्या.
पाठीवर बारीक अक्षरांत गावाचं नाव असतं
हे सोळा वर्षांच्या धंद्यात मी कधी वाचलं नव्हतं.
त्या दिवशी वाचलं. नऊ वेळा.
मग कपाटाला कुलूप लावलं.
त्या कपाटाला कुलूप असं नव्हतंच, सायकलचं आणून लावलं.

पहिली गेली बत्तीसशेला.
दुसरी अडतीसशेला, टायपिंगच्या कोळंबे मॅडमना.
त्यांनी शंभराच्या नोटा दोनदा मोजल्या,
"परीक्षा तोंडावर आहेत हो," एवढंच म्हणाल्या.
तिसरी, चौथी आठवत नाही.
आठवतं ते टीव्हीवरचं:
कारखान्याच्या फाटकातून एक पोरगी पोहत बाहेर येतेय,
गळ्यातलं ओळखपत्र तिनं दातांत धरलंय.
मी आवाज कमी केला.
गिऱ्हाईक आलं होतं.

लीलाधरअप्पा वारके, वजनकाट्यावाले.
त्यांच्या मशीनमधून टक् टक् येत होतं,
डिस्क मरताना करते तसं,
सहा महिन्यांच्या ट्रकांची वजनं आत अडकलेली.
"नवी कितल्याची?"
"अठ्ठेचाळीसशे, अप्पा."
"काबरं?"
"पूर आला."
"कुठी?"
त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. धूळ उडत होती.

मी सांगितलं. हातवारे केले, समुद्र दाखवला,
टेबलावर पाण्याच्या बाटलीनं एक देश मांडला.
वाटलं, आता भांडतील.
अप्पा स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जूनमध्ये रावेरकडे वारा सुटला, आठवतं?
अर्ध्या घंट्यात बागाच्या बागा आडव्या.
माझ्या काट्यावर आठ दिवस ट्रक नही.
आन् ज्याची बाग उभी राह्यली, त्याले दुप्पट भाव.
माझा मेव्हणाच तो, चिनावलचा.
त्यानं पेढे वाटले.
म्या खाल्ला बी एक."

मग बराच वेळ नुसता पंखा.

"तिकडे दिल्लीत कोनी बाई डझनामागं जास्त देऊन
शिव्या घालत घरी गेली असंन.
तिले काय माहीत रावेर कुठी."

मी मशीनचं झाकण उघडलं.
अप्पा वाकून आत पाहत होते.
"ही तुझी डिस्क, भो,
पुराच्या आधीची का नंतरची?"

मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो,
जो खिशातच होता.

पैसे त्यांनी पुरते दिले, एक रुपया कमी न करता.
मी घेतले.
जुनी वजनं काही निघाली नाहीत.
मेलेली डिस्क मात्र त्यांनी मागून नेली.

मार्चमध्ये काट्यावर गेलो होतो, प्रिंटर बघायला.
पावत्यांच्या गठ्ठ्यावर ती ठेवलेली,
पाठ वर, अक्षरं वर.
खिडकीतून गरम वारा येत होता
आणि पावत्या जागच्या हलत नव्हत्या.

भाव नंतर उतरले.
कपाटात आता केबल्स असतात, कुणी चोरणार नाही अशा.
सायकलचं कुलूप काढायचं राहून जातं.